समासाबाहेरची आई

गोरखपूर, जबलपूर
९ डिसेंबर १९६२

ती. दादास,
नीलकंठचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुला कानपूरला जाऊन तीन आठवडे झाले आणि पत्राचा पत्ता नाही. नवी फॅक्टरी, लढाईचं काम, ओव्हरटाइम, सगळं कबूल. पण पोस्टकार्ड लिहायला किती वेळ लागतो रे? मला नको लिहू, निदान
आईला तरी लिही. पोस्टमन दिसला की ती दारात येऊन उभी राहते आणि मग उगीच तुळशीला पाणी घालते. दिवसातून दोनदा पाणी पिऊन तुळस सडायला आली आहे.

(बघ, ओळ मोडली की नाही? हात अजून सोडत नाही. कलकत्त्याहून चिनी शिकून आलो त्या वर्षी तुला सांगितलं होतं, चीनच्या मांचू दरबारात पत्र लिहिताना बादशहाचा उल्लेख आला की ओळ तिथेच मोडायची आणि त्याचं नाव नव्या ओळीवर, समासाच्याही बाहेर काढून लिहायचं. तू म्हणालास, आपल्या घरचा बादशहा कोण ते ठाऊक आहे ना? तेव्हापासून आठ वर्षं आपण दोघं पत्रात आई समासाबाहेर लिहितो. पोस्टमनने पाहिलं तर म्हणेल या पोरांना धड लिहिता येत नाही.)

आता मुद्द्याचं. मंगळवारी सकाळी घरात चार माणसं आली. माझ्या दोन्ही ट्रंका घेऊन गेली. कलकत्त्याला उतरवून आणलेल्या चिनी कागदांच्या नकला, टिपणवह्या, तू टाइप केलेला इंग्रजी मसुदा, सगळं. अकरा वर्षांचं काम, दादा. त्यांच्या साहेबानं एक वही उघडून विचारलं, "ये किस बारे में है?" मी खरं ते सांगितलं. पावसाबद्दल आहे. एका सुभेदारानं आपल्या बादशहाला गुप्त पत्रात कळवलं आहे की माझ्या मुलखात तीन दिवस पाऊस झाला आणि तांदूळ स्वस्त झाला. अडीचशे वर्षांपूर्वीचा पाऊस! साहेबानं पंचनाम्यात लिहिलं, "चीनी भाषा में मौसम और रसद की जानकारी." ते वाचून मी हसलो. तेवढं हसायला नको होतं असं आता वाटून राहिलं आहे.
आई मात्र मुळीच घाबरली नाही. सकाळीच न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून बसली होती. तिनं चौघांना पाणी दिलं. मला तिचं फार कौतुक वाटलं.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. एक पत्र लिहून दे, तुझ्या सहीचं. हे कागद तू आठ वर्षं घरात पाहिले आहेत, त्यांचा मसुदा तू स्वतः टाइप केला आहे, हा जुन्या दरबाराचा इतिहास आहे, बस. फॅक्टरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या शब्दाला आजच्या दिवसात वजन आहे. माझ्या शब्दाला नाही. मी तर चिनी वाचणारा!

हेमलतावहिनींना नमस्कार.

तुझा
नीलकंठ


गोरखपूर, जबलपूर
३ फेब्रुवारी १९६३

ती. दादास,
सा. न.

दोन महिने, चार पत्रं, उत्तर शून्य. काहून रे? कानपूरला शाई मिळत नाही का?

कॉलेजनं मला निलंबित केलं. शब्द मोठा झोकदार आहे. प्राचार्यांनी खोलीत बोलावून चहा पाजला, मग कागद दिला. आता विद्यार्थी रस्त्यात दिसले की सायकलवरून उतरत नाहीत, उलट जोरात पायडल मारतात. गल्लीतली मंडळी अजून बोलतात, पण "और, सब ठीक?" एवढंच विचारून पुढे सटकतात. किराणेवाल्यानं तर मला हळूच विचारलं, भैया, तिकडचा तांदूळ आपल्यापेक्षा बरा असतो का हो? त्याला बिचाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

वहिनी संक्रांतीला माहेरी आल्या होत्या. हळदीकुंकवाला आपल्या घरी आल्या, तिळगूळ दिला, पण माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मी विचारलं, दादा कसा आहे? तर म्हणाल्या, "त्यांना काही विचारू नका भाऊजी, त्यांना झोप नाही." मला वाटलं लढाईचं काम, दुसरं काय.
आईनं त्यांना आत नेलं आणि दोघी बराच वेळ बोलत बसल्या.

रिकामा बसलो की ते सगळं आठवतं. त्या दरबारात दोन प्रकारचे कागद होते. एक उघडा. तो दहा कचेऱ्यांतून फिरायचा, दहा कारकून वाचायचे. दुसरा गुप्त. तो सुभेदारानं स्वतःच्या हातानं लिहायचा, पेटीत घालून कुलूप लावायचं आणि किल्ल्या दोनच, एक त्याच्याकडे, एक बादशहाकडे. त्यात पाऊसपाणी असायचं, तसंच शेजारच्या सुभेदाराबद्दल, मित्राबद्दल, कधी नातलगाबद्दलही असायचं. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला जन्मात कळत नसे. बादशहा त्यावर लाल शाईनं शेरा मारून तोच कागद लिहिणाऱ्याला परत धाडायचा. हे तुला सांगत होतो तेव्हा तू टाइप करता करता थांबला होतास. म्हणालास, म्हणजे कोणाचाच कोणावर भरवसा नाही म्हण ना. मी म्हटलं, दादा, राज्य असंच चालतं. मोठा शहाणा मी.

चौकशी एप्रिलमध्ये आहे. भोपाळहून अधिकारी येणार. त्याच्या आत तुझं पत्र यायलाच पाहिजे. त्यांच्या नियमात ज्या कागदांचा खुलासा झाला नाही ते नष्ट करतात. माझी नोकरी गेली तर शिकवण्या करीन. पण त्या वह्या पुन्हा लिहिता येणार नाहीत रे. कलकत्त्याचे माझे चिनी गुरुजी वारले, आणि तिकडे आता मला कोण उभं करणार? हात जोडून सांगतो, लिही.

नीलकंठ


जबलपूर
२७ एप्रिल १९६३

रत्नाकर,

आज चौकशी झाली. अधिकारी भला माणूस निघाला. त्यानं विचारलं, तुमच्याविरुद्ध निनावी अर्ज आला आहे, त्याच्यावरूनच सगळं सुरू झालं, बघायचा का? त्याला तो दाखवायची गरज नव्हती. मला वाटतं त्याला माझी दया आली.

अर्ज इंग्रजीत आहे. टाइप केलेला, दीड पान, एक चूक नाही. ऑक्टोबरची तारीख, लढाई सुरू होऊन आठच दिवस झाले होते. लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक आहे. ट्रंका दोन, एक हिरवी. मी कलकत्त्याला कोणाकडे शिकलो. कोणत्या साली कोणाचं पत्र आलं. मी जेवताना काय बोलतो तेही. मी वाचत राहिलो आणि मनातल्या मनात गल्लीतल्या एकेका माणसाला चोर ठरवत गेलो. किराणेवाल्यावरसुद्धा माझा संशय गेला, देवा.

मग दुसऱ्या पानावर आलो. तिथे लिहिलं आहे की हा इसम अविवाहित असून आपल्या विधवा, आणि ओळ तिथेच थांबली आहे. अर्धी ओळ कोरी. पुढची ओळ समासाच्या दोन अक्षरं बाहेरून सुरू होते, आणि तिचा पहिला शब्द आहे, मदर. आई.

अधिकाऱ्याला वाटलं कागद सरकला असेल. मी टाइपरायटर पाहिला आहे, रत्नाकर. तुझ्या शेजारी बसून आठ वर्षं पाहिला आहे. समासाच्या बाहेर जायचं तर यंत्र जाऊ देत नाही. मार्जिन रिलीजचं बटण दाबावं लागतं. मुद्दाम, बोट उचलून.

मला पाणी द्यावं लागलं. अधिकाऱ्यानं विचारलं, कोणावर शक आहे का? लिहिणारा तुमच्याच घरातला, तुमचं वाईट चिंतणारा निघाला तर अर्ज निकालात निघेल, वह्याही परत मिळतील. पण तो सरकारी नोकर असेल तर त्याच्यावर कारवाई होईल, खोटी माहिती दिल्याबद्दल. मी म्हटलं विचार करून सांगतो. बारा जूनपर्यंत मुदत दिली आहे.

म्हणजे चार महिने मी तुलाच विनवत होतो, माझ्या बाजूनं लिही म्हणून. तू ती पत्रं वाचलीस ना? वाचून काय केलंस? घडी घालून ठेवलीस?

तुला हलकट म्हणावं, नीच म्हणावं असं फार मनात येऊन राहिलं आहे. पण रस्ताभर एकच विचार करत घरी आलो. तू ते बटण काहून दाबलंस? सवय म्हणावी तर तसल्या अर्जात माणूस शंभरदा विचार करून एकेक अक्षर मारतो. मग मला कळावं म्हणून दाबलंस का? लिहिणारा मी आहे, ओळख, असं? तसं असेल तर तू माझ्या तोंडावर येऊन का नाही बोललास?

मला याचं उत्तर पाहिजे. दुसरं काही नको.

नी.


जबलपूर
१४ जून १९६३

दादा,

परवा अधिकाऱ्याला सांगून आलो. माझा कोणावरही संशय नाही, असं लिहून सही करून दिली. त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, "सोच लीजिए," म्हणाला. मी म्हटलं सोच लिया.

तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. तुझी नोकरी गेली असती, गुन्हा लागला असता आणि आई ते बघायला जिवंत राहिली नसती. तिच्यासाठी केलं. वीस वर्षं तिनं शेजारणींना सांगितलं आहे, माझा रत्नाकर फॅक्टरीत आहे, साहेबाचे कागद त्याच्या हातातून जातात. ते तिच्या तोंडून काढून घ्यायला मी धजलो नाही.

घरी आलो. ती पोळ्या करत होती. मी पाटावर बसलो. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणाचं नाव घेतलं?"

मी म्हटलं, कोणाचंच नाही.

तिनं तव्यावरची पोळी उतरवली, माझ्या ताटात टाकली आणि पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "मला ठाऊक होतं तू घेणार नाहीस. मी त्याला तसं म्हटलंही होतं."

दादा, मला आधी काही समजलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं. दिवाळीत तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलास. फॅक्टरीत प्रत्येकाला विचारून राहिले होते, घरात कोणी चीनशी संबंधित आहे का. तू गुप्त विभागात जाणार होतास. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर दोघंही गेलो असतो, आपणच आधी निनावी कळवून घरापासून वेगळं झालं तर एक तरी वाचेल. हे तू तिला सांगितलंस आणि ती ऐकून गप्प राहिली. त्या मंगळवारी ती पहाटे न्हाऊन चांगलं लुगडं नेसून काहून बसली होती, ते मला आता कळलं. ती त्यांची वाट बघत होती. मी तुला लिहिलं होतं ना, मला तिचं कौतुक वाटलं म्हणून!

मी ताटावरून उठलो. ती म्हणाली, "तुझी कागदं गेली, बाळा. त्याची लेकरं रस्त्यावर आली असती. मी काय करायला पाहिजे होतं, सांग."

मी मोरीवर जाऊन हात धुतले.  पण या पत्रात पाहा, आई ओळीतच लिहिली आहे. मुद्दाम. हात दर वेळी थांबतो, पण लिहितो.

वह्या जाळल्या. तशी पावती आली आहे, गोपनीय रद्दी, दोन ट्रंका. ट्रंका रिकाम्या परत केल्या. एक गठ्ठा मात्र सोडला, तुझा टाइप केलेला इंग्रजी मसुदा. त्यात चिनी अक्षर नाही म्हणून. काल रात्री तो उघडला. पहिलंच पान आभाराचं. गुरुजींचे आभार, ग्रंथपालांचे आभार, ज्यांनी दोन पुस्तकं उसनी दिली त्या कटनीच्या वकिलांचे आभार. शाई पुरवली म्हणून कॉलेजच्या हेडक्लार्कचेही आभार. तुझं नाव नाही. तीनशे चाळीस पानं तू फॅक्टरीतून येऊन टाइप केलीस आणि हे पानही तूच केलंस. मी मजकूर सांगितला, तू बोटं चालवत गेलास आणि शेवटी विचारलंस, बस, झालं? मी म्हटलं, झालं.

मॅट्रिकला तू पहिला आला होतास. बेचाळीस साली मोठ्या लढाईची भरती निघाली आणि बाबांनी तुला फॅक्टरीत नेऊन उभं केलं, कारण मला शिकवायचं होतं. एकवीस वर्षांत मी कधी विचारलं नाही की दादा, तुला काय शिकायचं होतं.

हे लिहिलं म्हणून फिट्टंफाट झाली असं समजू नकोस. एक नाव राहून जाणं वेगळं आणि अकरा वर्षं जाळणं वेगळं. पण माझ्या बाजूचं लपवून ठेवलं तर मी तुझ्यावर रागवायलासुद्धा लायक राहणार नाही, म्हणून लिहिलं.

ते बटण तू दाबलंस एवढं एकच माझ्याजवळ उरलं आहे. माणूस सगळंच विकत नाही, काहीतरी समासाबाहेर ठेवतो, असं मी मनाला समजावून राहिलो आहे.

कॉलेजनं मला नोकरीतून मोकळं केलं. इथून जवळच पाटणच्या शाळेत जागा आहे, तिथं जातो. आई माझ्याबरोबर येते आहे. आम्ही बोलत नाही फारसं.

नीलकंठ


पाटण
१० ऑक्टोबर १९६५

श्री. रत्नाकर वऱ्हाडपांडे यांस,

तुझं पत्र काल मिळालं. तीन वर्षांत पहिलं. पोस्टमन दिसला तेव्हा मीच दारात जाऊन उभा राहिलो, कारण तिकडे उभं राहणारं आता कोणी नाही.
आई गेल्याची तार तुला वेळेवर मिळाली होती हे तुझ्या पत्रावरून कळलं. लढाई चालू, रजा बंद, फॅक्टरीत तीन पाळ्या, हे खरंच असेल. मी दोष देत नाही. इथे पाटणलाही दिव्यांना काळे कागद लावले होते. शेवटचे दोन दिवस ती तुझं नाव घेत होती. मी म्हटलं, दादा निघाला आहे, गाडीत आहे. ती म्हणाली, गाडीत जागा मिळाली का त्याला? मी म्हटलं खिडकीची मिळाली. तेवढ्यावर ती निजली. आमचं बोलणं सहा महिन्यांपूर्वी पुन्हा सुरू झालं होतं, तिनं एकदा माझा सदरा शिवता शिवता उसवून पुन्हा शिवला तेव्हा. कारण काही नव्हतं.

तुझ्या पत्रात तीन ओळी शोकाच्या आहेत. मग सोबत कागद आहे, टाइप केलेला. तुझी बढती होऊन राहिली आहे आणि पुन्हा तपासणी आहे. त्यासाठी मी सही करून द्यायची आहे की नोव्हेंबर १९६२ पासून तुझा माझ्याशी आणि आता दिवंगत झालेल्या आईशी कोणताही संबंध अथवा पत्रव्यवहार नव्हता. खाली माझ्या नावाची जागा ठिपक्यांनी सोडली आहे. टाइपिंग नेहमीसारखं सुरेख आहे.

मी तो कागद खिडकीशी नेऊन पाहिला. दोनदा पाहिला, मग पट्टी लावून पाहिला. आई हा शब्द चौथ्या ओळीत आहे. ओळीच्या मधोमध, पुढे मागे दुसरे शब्द, समास सरळ. ह्या वेळी तू बटण दाबलं नाहीस.

अडीच वर्षं मी त्या दोन अक्षरांवर काढली, दादा. शाळेत पोरांना शिकवताना, तिची औषधं आणताना, वह्यांची ती पावती कपाटात दिसली की दर वेळी मनाला सांगितलं, पण त्यानं ओळ मोडली होती. मला सांगायला मोडली होती. आज वाटतं ती नुसती बोटांची सवय असेल. आता ती सुटली.

सही केली आहे. तुझी बढती होऊ दे. हेमलतावहिनींना आणि लेकरांना माझ्यापायी काही कमी पडू नये.

कागदपत्राचा जुना शिरस्ता तुला आठवत असेल. लाल शेरा मारलेला कागद लिहिणाऱ्यानं जवळ ठेवायचा नसे, नक्कल करायची नसे. कधीतरी मूळ दरबारात जमा करावा लागे. त्याप्रमाणे तुझी माझ्याजवळची सगळी जुनी पत्रं, मी सुट्टीत कलकत्त्याला नकला उतरवायला जायचो तेव्हा मला लिहिलेली, ह्या पाकिटात परत करतो. सत्तावीस आहेत. सगळ्यांत
आई समासाबाहेर आहे.

बादशहा शेऱ्यात लांबलचक क्वचित लिहायचा. बहुतेक कागदांवर एकच छोटा शेरा असे. त्यात राग नसे, माफी नसे, आणि सुभेदार जन्मभर विचार करत बसे की याचा अर्थ काय. शाळेत वह्या तपासायला लाल शाई मिळते, ती माझ्यापाशी आहे. तुझ्या कागदावर माझ्या सहीच्या बाजूला तोच शेरा मारून पाठवतो.

कळले.